माणूस नसलेली खोली

"या खोलीत माणूस असतो की नसतो, एवढंच मला सांगा," वाकणकर सर म्हणाले.

जहाजबांधणी यार्डाच्या मीटिंगच्या खोलीत जहाजाचा नकाशा टेबलभर पसरला होता आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले होते. सरांचं बोट नकाशाच्या पार मागच्या टोकाला, पाण्याच्या रेषेखालच्या एका लहानशा चौकोनावर टेकलं होतं. सुकाणू फिरवणारी यंत्रं तिथे बसतात. व्यापारी जहाजांवर तिला स्टिअरिंगची खोली म्हणतात. नौदलात तिचं नाव टिलर फ्लॅट.

"नेहमी नसतो," कमांडर खर्डेकर म्हणाले. "लढाईच्या वेळी एक जण असतो. वरून सुकाणूचा ताबा गेला तर त्यानं खालून हातचाकानं फिरवायचं."

"नेहमी नसतो ना? मग झालं तर." यार्डाचे मॅनेजर सबनीस खुर्चीत पुढे सरकले. "तुमचाच नियम आहे, वाकणकर. जिथे एरवी माणूस नसतो त्या खोलीला बाहेर पडायला एक वाट पुरते. एक दार दिलेलं आहे. विषय संपला."

विषय संपायचा नव्हता हे मला ठाऊक होतं. मी तेव्हा सरांच्या हाताखाली नवी होते. जहाज नियमांप्रमाणे बांधलं आहे की नाही हे तपासून 'क्लास'चा दाखला देणाऱ्या संस्थेत आम्ही नोकरीला होतो. यार्डात आम्हाला सगळे 'क्लासवाले' म्हणत, आणि ते म्हणताना तोंड कडू करत. आमचे नियम व्यापारी जहाजांचे, माल वाहणाऱ्या जहाजांचे. नौदलाचं एक छोटं गस्ती जहाज या नियमांवर बांधायचं असं वरून ठरलं होतं आणि ते नियम नौदलाच्या अंगाला बेतून द्यायचं काम आमच्या गळ्यात पडलं होतं. एकेक कलम घ्यायचं, हे ठेवा, हे बदला, हे गाळा, असं करत जायचं. दुसऱ्याचा कोट उसवून आपल्या माणसाला बसवतात तसला प्रकार. खांद्यात बसला तर बाहीत तोकडा व्हायचा.

सर एकही कलम सरळ वाचत नसत. वाचून झालं की चष्मा कपाळावर ढकलायचे आणि मला विचारायचे, "मुजुमदार, यात कोण गेलं?" म्हणजे हा नियम कुणाच्या मरणानं आला. त्यांच्या मते नियम आपोआप होत नाहीत. कुठेतरी कुणीतरी बुडतं, भाजतं, गुदमरतं, आणि मग पुस्तकात एक वाक्य वाढतं. पुढे ते वाक्य राहतं आणि माणूस विसरला जातो. मला आधी त्यांची ही सवय अभद्र वाटायची. नंतर मीही मनातल्या मनात तसंच विचारू लागले.

ते ताडमाड उंच होते. जहाजातल्या प्रत्येक दाराशी त्यांना डोकं वाचवावं लागे आणि निम्म्या वेळा ते वाचत नसे. यार्डातले लोक मागे म्हणायचे, नावच काय ते वाकणकर, माणूस काही वाकायचा नाही. हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं.

"लढाईच्या वेळी तो एक जण तिथे असताना दाराबाहेर आग लागली तर?" सरांनी विचारलं.

"तर तो तिथेच थांबेल," कमांडर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, शाळेतल्या मुलाला समजावतात तशी सबुरी होती. "सुकाणू चालवेल. तो तिथे पळायला नसतो, मिस्टर वाकणकर. हे तुम्ही नकाशावर काय लिहिलंय?"

सरांनी त्या चौकोनाच्या डोक्यावर लाल पेन्सिलीनं एक गोल काढून बाजूला 'पळवाट' असं लिहिलं होतं. छतातून वर डेकवर निघणारं एक झाकण, त्याला एक शिडी. एवढंच त्यांचं मागणं होतं.

"नौदलाच्या जहाजाला पळवाट नसते," कमांडर म्हणाले.

"आणि त्या जागी डेकवर बोटीचा पाळणा आलाय," सबनीसांनी आपलं घोडं पुढे दामटलं. "डेक वेल्ड करून झालाय. आता तो कापायचा, बोट हलवायची, नकाशे परत मंजूर करून आणायचे. जहाज द्यायची तारीख तोंडावर आलीय. मी काय सांगू वरती?"

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. मग म्हणाले, "आमच्या नियमात वाट आहे पण माणूस नाही. तुमच्या नियमात माणूस आहे पण त्याला वाट नको. दोघांनी आपापल्या सोयीचं उचललंत. मधल्या मध्ये तो पोरगा राहिला. मी सही करणार नाही."

ते नकाशा तसाच टाकून उठले. दाराशी सवयीनं मान खाली घातली, पण ती मीटिंगची खोली होती आणि दार चांगलं उंच होतं.

त्याच दुपारी आम्ही ती खोली बघायला गेलो. रंगाच्या कोठाराजवळून एक अरुंद बोळ मागे जात होता आणि त्याच्या टोकाला जाड पोलादी दार होतं. आत वाकूनच उभं राहता येत होतं. मधोमध हातचाक, भिंतीला पुलावर, म्हणजे जहाज जिथून हाकतात त्या वरच्या खोलीशी, बोलायचा फोन, त्याखाली एक बझर. तेलाचा आणि नव्या रंगाचा वास होता आणि हवा जागच्या जागी उभी होती. एक खलाशी चाकाला ग्रीस लावत बसला होता. दत्ताराम घवाळी, गुहागरकडचा. जहाज ताब्यात घ्यायला नौदलानं जी माणसं आधीच पाठवली होती त्यांतला.

"या मॅडम, आमच्या फ्लॅटात या," तो म्हणाला. "मुंबईत येवढाच परवडतो."

"लढाईच्या वेळी इथे तूच ना?" सरांनी विचारलं.

"मीच, साहेब."

"किती वेळ बसायचं?"

"वरून सोडत नाहीत तवर."

"दाराबाहेर आग लागली तर काय करशील?"

घवाळीनं ग्रीसचा हात फडक्याला पुसला. "तसं कुनी सांगितलेलं नाय," तो म्हणाला आणि हसला.

परत येताना गाडीत बसल्यावर सर म्हणाले, "मुजुमदार, या नियमात कोण गेलं सांगू? अजून कुणी गेलेलं नाही. म्हणून ते ऐकत नाहीत." मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की होईल सर, ऐकतील. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

पुढचे दिवस नुसते पत्रापत्रीत गेले. सबनीसांनी आमच्या मोठ्या साहेबांना गाठलं, मोठ्या साहेबांनी सरांना. सर म्हणाले, निवृत्तीला आलोय, फार तर लवकर घरी पाठवाल. शेवटी असं ठरलं की समुद्रावरच्या चाचणीत आगीची कवायत घ्यायची आणि त्यात ती खोली कशी वागते ते बघून निकाल लावायचा. कवायत दोन्ही पद्धतींची, एकत्र. व्यापारी नियमाप्रमाणे आग विझवणारे सोडून बाकी सगळ्यांनी बोटीपाशी जमून हजेरी द्यायची. नौदलाच्या पद्धतीप्रमाणे जहाज त्याच वेळी चालतं ठेवायचं आणि सुकाणू खालून फिरवायचं. यार्डानं बोटीची यादी केली, कमांडरांच्या माणसांनी ठाण्यांची. दोन्ही याद्या स्वच्छ टाइप केलेल्या होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून मात्र कुणीच वाचल्या नाहीत. सरांनी वाचल्या असणार.

वैशाखातला दिवस होता. किनारा मागे पडला आणि पाणी शिशासारखं पसरलं. डेकच्या पत्र्यावर चपलेतूनही चटका बसत होता. सर सकाळपासून बऱ्यापैकी खुशीत होते. त्यांनी माझ्या हातात बोटीची यादी दिली आणि म्हणाले, "तू हजेरी घे. मी मागे आहे." मागे म्हणजे मागच्या डेकवर, असं मी समजले. यात समजायचं काही वेगळं होतं असं आजही मला वाटत नाही.

भोंगा झाला. रंगाच्या कोठाराबाहेरच्या बोळात धुराचे डबे पेटवले. आग खोटी, धूर खरा. आग लागली की सगळ्या जहाजाची हवा खेळवणारे पंखे एका बटणानं बंद करतात, कारण आगीला हवा मिळायला नको. ते बंद झाले तेव्हा जहाज एकदम मुकं झाल्यासारखं वाटलं. बोळाच्या टोकाचं दार बाहेरून लावून खलाशांनी त्याच्या मुठींना दोरीचा फास दिला. ही त्यांची जुनी रीत. धुरात आंधळेपणानं कुणी चुकून दार उघडलं तर आग पलीकडे जाते, म्हणून ज्या बाजूला माणूस नाही त्या बाजूची दारं बांधून टाकायची. आणि बोटीच्या यादीप्रमाणे त्या दारापलीकडे कुणीच नव्हतं.

मी बोटीपाशी नावं पुकारली. सगळे होते. वायरलेसवर पुलाला कळवलं, "हजेरी पूर्ण."

"गुड," कमांडरांचा आवाज आला. "खालून सुकाणूही उत्तम चाललंय. बघा, दहा अंश उजवीकडे घेतो."

जहाज सावकाश उजवीकडे वळलं. मग डावीकडे. पुलावरून फोनवर हुकूम जाई, खालून हातचाक फिरे, आणि 'केलं' म्हणून एक बझर वाजे. सगळं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं होतं. आग विझवणारी माणसं तेवढी घोळ घालत होती. होजची जोडणी कुणाकडूनतरी निसटली आणि पाणी भलतीकडेच उडालं. कमांडरांना ते खपलं नाही. "परत," ते वायरलेसवर म्हणाले. "पहिल्यापासून परत. नीट होईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही."

पुन्हा धूर, पुन्हा पळापळ. बोटीपाशी आम्ही रांगेत उन्हात उभे होतो. कुणीतरी कुरकुरलं, कुणी पाण्याची बाटली फिरवली. बाटली घवाळीकडे आली तेव्हा त्यानं ती न पिताच पुढे दिली. त्याचा चेहरा उतरला होता. ऊन लागलं असेल म्हणून मी त्याच्याकडे बघितलं, आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं.

"घवाळी, तू इथे कसा?"

त्यानं मागच्या डेककडे बघितलं.

"तू इथे आहेस, तर खाली सुकाणू कोण फिरवतंय?"

"तुमचे साहेब," तो म्हणाला. "भोंग्याच्या आधी खाली आले. म्हनाले, तुजं नाव बोटीच्या यादीत पन आहे, तू वर जा, मी बसतो. म्हनाले, हजेरी संपेपर्यंत कुनाला बोलू नको. मॅडम, हजेरी कवा संपायची?"

पंखे बंद होते, दार बाहेरून बांधलेलं होतं. मी वायरलेसवर काय बोलले ते मला आठवत नाही. कमांडर नंतर म्हणाले की मी फक्त "खोलीत माणूस आहे, खोलीत माणूस आहे" असं म्हणत होते. त्यांनी लगेच फोनवर पाच डावीकडे असा हुकूम दिला. उत्तराचा बझर वाजला नाही. जहाज सरळ जात राहिलं.

बोळातला धूर निघेपर्यंत आत शिरता येईना. मुखवटा लावून दोघं गेले तर दोरीचा फास पाण्यानं फुगून आवळला होता, तो सुटेना. घवाळीनं मुखवटा न लावताच धुरात उडी घेतली आणि चाकूनं तो कापला.

सर हातचाकापाशी बसले होते. पाठ भिंतीला, पाय पसरलेले, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. दोन्ही हात चाकावरच होते. अंग तव्यासारखं तापलं होतं. डॉक्टरांनी पुढे सांगितलं की उष्णतेनं आणि श्रमानं हृदय थांबलं. पंखे बंद झाल्यावर त्या खोलीत हवेचा पाझरही नव्हता, आणि वेगळ्या पंख्याची सोय कुणी केली नव्हती, कारण तिथे माणूस नसतो. दाराशेजारी भिंतीला मोठा पाना टांगलेला होता. तो दारावर आपटला असता तर कुणीतरी ऐकलं असतं. फोन होता. बझर होता. त्यांनी तो फक्त हुकूम पाळल्याचं कळवायला वापरला.

त्यांचा बेत एवढाच असणार की हजेरी पूर्ण झाली की वर यायचं आणि दोघांना विचारायचं, यादीत सगळे आहेत, मग खालून सुकाणू फिरवणारा मी कुठे होतो? कवायत दुसऱ्यांदा होईल हे त्यांना कुठून कळणार? आणि ती सुरू झाल्यावर चाक सोडायचं त्यांच्या मनात का आलं नाही, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. पळवाटेसाठी भांडणारा माणूस. मला त्यांचा राग आला होता. त्यांना उचलून वर आणताना त्या बोळात सगळ्यांना वाकावं लागलं, आणि मला वेड्यासारखं वाटत राहिलं की आता त्यांचं डोकं आपटेल.

जहाज धक्क्याला लागलं. सबनीस धावत आले, पांढरेफटक पडले, आणि थोड्या वेळानं सावरले. मग ते मला आणि कमांडरांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "झालं ते फार वाईट झालं. पण लिहिताना जरा विचार करू या. नियमाप्रमाणे त्या खोलीत माणूसच नसतो. यादीप्रमाणे हजेरी पूर्ण आहे. मग मृत्यू तिथे झाला असं लिहायचं तरी कसं? बोळात चक्कर येऊन पडले म्हणू. घरच्यांनाही तेच बरं. उगाच स्वतः जाऊन बसले असं दिसायला नको."

ते अगदीच दुष्टपणानं बोलत नव्हते, हे मला कबूल करायला हवं. त्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं. पण तसं लिहिलं असतं तर सर मेल्यानंतरही त्या खोलीत नसते.

कमांडर खर्डेकर माझ्याकडे वळले. त्यांच्या टोपीखालून घामाचा ओघळ कानापर्यंत आला होता आणि ते तो पुसत नव्हते. "मुजुमदार," त्यांनी विचारलं, "ते कुठे सापडले?"

"टिलर फ्लॅटमध्ये. चाकावर."

"मीही तेच पाहिलं," ते म्हणाले. "मी तसंच लिहिणार आहे. आणि कवायत परत घ्यायचा हुकूम माझा होता, तेही."

"साहेब, तुमच्या बढतीचं..." सबनीस म्हणाले.

"त्यांनी शेवटपर्यंत माझे हुकूम पाळले, सबनीस. एकही चुकवला नाही." त्यांचा आवाज फाटला. ते तोंड फिरवून समुद्राकडे बघत उभे राहिले. घवाळी धक्क्यावर एका खुंट्याला टेकून उकिडवा बसला होता. त्याच्या हातात तो कापलेला दोरीचा फास होता आणि तो कुणाकडेच बघत नव्हता.

कमांडरांना पुढची बढती मिळाली नाही. डेक कापला तेव्हा मात्र ते स्वतः हजर होते. सरांनी लाल पेन्सिलीनं जिथे काढला होता नेमक्या त्याच जागी गोल कापला गेला. बोटीचा पाळणा थोडा हलवावा लागला. वाटलं होतं त्याहून फारच कमी खटाटोप होता. नियमांच्या पुस्तकात एक वाक्य वाढलं, की लढाऊ जहाजावर ज्या खोलीत एखाद्या वेळी जरी माणूस असू शकतो, ती माणसाची खोली समजावी, तिला दुसरी वाट आणि स्वतंत्र हवा द्यावी. ते वाक्य मीच बेतलं. त्यात नाव येत नाही, नियमात कुणाचंच येत नाही.

मीही आता निवृत्तीला आले आहे. परवा एका नव्या जहाजाच्या तपासणीला गेले होते, बहुतेक शेवटच्याच. पार मागच्या खोलीत उतरले. पंखा चालू होता, दिवा चांगला होता, छतातून शिडी लोंबत होती. तिथला खलाशी मराठी निघाला, साताऱ्याकडचा, चुणचुणीत. बोळात कुणीतरी रंग लावत होतं म्हणून तो म्हणाला, "मॅडम, दारानं नका जाऊ, साडीला लागंल. वाकणकरमधनं वर जावा."

"कशातून?"

"वाकणकर." त्यानं डोक्यावरच्या झाकणाकडे बोट केलं. "समद्या जहाजांवर असंच म्हणतात. ते बंगाली, मल्याळी पोरं सुद्धा."

"का म्हणतात असं?"

त्यानं थोडा विचार केला. "वाकून चढावं लागतं ना मॅडम," तो म्हणाला, "म्हणून म्हणत असतील."

मी वर बघितलं. गोल झाकणातून उजेड येत होता.

"असेल," मी म्हटलं, आणि वाकून शिडीला हात घातला.